राष्ट्रपतींचा सर्व्हे आणि वंदनाताईंचे फॉर्म

“कोण बाई? हितं कुठली बाई आली न्हाई,” फोनवरचा माणूस म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

मी समोरच्या यादीत त्या नंबरापुढे फुली मारली. ही तिसरी. आधीच्या दोन नंबरांवर नुसती रिंग वाजत राहिली होती. आमच्या डायरेक्टर बापट मॅडम टेबलाशीच उभ्या होत्या.

“काळे, किती झाले?”

“तीन केले. एकही कन्फर्म नाही.”

“मग वाट कसली पाहताय?”

मी कसलीच वाट पाहत नव्हतो. ज्या बाईंचे हे फॉर्म होते त्यांचं नाव मला काढायचंच होतं आणि तीन फुल्यांची सोय झाली होती. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली.

मी पुण्यातल्या एका लहानशा सर्व्हे कंपनीत फिल्ड मॅनेजर होतो. साबण कोणता वापरता, बँकेत रांग किती लागते, असले प्रश्न घेऊन आमची माणसं दारोदार जायची. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. त्यांना इंटरव्ह्यूअर म्हणतात. त्यांनी आणलेली उत्तरं खरी की घरी बसून भरलेली, हे तपासणं माझं काम. त्यासाठी काही लोकांना आम्ही उलट फोन करतो. ‘आमच्याकडून कुणी आलं होतं का, काय विचारलं?’ याला बॅकचेक म्हणतात. दोन मिनिटांत होतो. दुसरा मार्ग म्हणजे टॅबमध्ये मुलाखतीचं रेकॉर्डिंग होत असतं, ते ऐकणं. मुलाखत पंधरा मिनिटांची असेल तर ऐकायलाही पंधरा मिनिटं लागतात. त्यामुळे ते कुणी ऐकत नाही.

त्या वेळचा सर्व्हे साबणाचा नव्हता. राज्यघटनेवर काम करणाऱ्या एका संस्थेचं चर्चासत्र होतं आणि तिचे समन्वयक डॉ. देव यांना पुणेकरांचं मत हवं होतं. प्रश्न असा: आज देशाचे राष्ट्रपती निवडून आलेले आमदार आणि खासदार निवडतात. त्याऐवजी ते थेट जनतेच्या मतदानातून निवडावेत का? उत्तरं तीन. थेट निवडावेत. आहे तीच पद्धत ठेवावी. सांगता येत नाही.

या तिसऱ्या उत्तराला आमच्या धंद्यात ‘डीके’ म्हणतात, ‘डोन्ट नो’चं लघुरूप. डीके वाढला की फिल्ड मॅनेजरला संशय येतो. कारण साधं आहे. ज्याला काम उरकायचं असतं तो इंटरव्ह्यूअर सगळीकडे डीके दाबतो. साबणाच्या सर्व्हेत हे खरंच असतं. स्वतःच्या घरातला साबण माहीत नाही असं कोण म्हणेल?

पहिल्या आठवड्याचा डेटा आला आणि डीके डोंगराएवढा. बापट मॅडमनी डॉ. देवांना बोलावून घेतलं. ते स्क्रीनकडे बघून हसले, पण ते हसू बरं नव्हतं.

“म्हणजे मी व्यासपीठावरून काय सांगू? पुणेकरांना मत नाही? अहो, पुणेकरांना मत नाही हे छापेल तरी कोण? आणि कुणी छापलं तर विश्वास कोण ठेवेल?”

“सर, विषय जरा अवघड आहे,” मी म्हणालो.

“विषय अवघड आहे म्हणून तर तुम्हाला दिला. सोपा असता तर मी रिक्षावाल्यालाच विचारला असता.”

ते गेल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, “डीके खाली आणा. कसा, ते तुम्हाला माहीत आहे.”

मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्या टीमला ऑफिसात गोळा केलं. सांगितलं, तिसरा पर्याय वाचून दाखवायचा नाही. समोरचा ‘सांगता येत नाही’ म्हणाला तर दोनदा विचारायचं, ‘तरी पण, मनापासून काय वाटतं?’ इथवर नियमात बसत होतं. मग मी पुढचं बोललो. “आणि जरा हात द्या लोकांना. कळलं ना?” सगळे हसले. कळलं होतं.

वंदना राऊत हसल्या नाहीत. मागच्या रांगेत त्या वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या. यवतमाळकडच्या. नवऱ्याला इथल्या कारखान्यात काम लागलं म्हणून पुण्यात आलेल्या. मार्केट यार्ड, मंडई आणि बुधवार पेठेतले दुकानदार हा भाग त्यांच्याकडे होता. बाजारातली माणसं उभी करून बोलतं करणं सोपं नसतं, म्हणून तो मी मुद्दाम त्यांना दिला होता.

त्यांनी विचारलं, “हात म्हणजे कसा सर?”

“म्हणजे मदत करायची, वंदनाताई. त्यांचं मत बाहेर काढायचं.”

“आणि ते म्हणून राहिले की सांगताच येत नाही, तर?”

“तर तुमचं विचारणं कमी पडलं.”

पुन्हा सगळे हसले. तीन दिवसांत सगळ्यांचा डीके पडला. एकट्या वंदनाताईंचा तसाच राहिला. त्यांच्या फॉर्मांत जवळपास निम्म्या ठिकाणी ‘सांगता येत नाही’. मग तो बॅकचेक, त्या तीन फुल्या.

मी त्यांना बोलावून टॅब परत घेतला. त्या म्हणाल्या, “सर, मी गेली होती. तुम्ही ऑडिओ ऐका.” मी म्हणालो, “ऐकतो.” पुण्यातल्या फिल्ड मॅनेजरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कुणी खोटे फॉर्म भरताना सापडलं की त्याचं नाव तिथे टाकायचं, म्हणजे दुसरीकडे त्याला काम मिळत नाही. त्या जिना उतरायच्या आत मी नाव टाकलं. ‘वंदना राऊत, फेक इंटरव्ह्यू, घेऊ नये.’ एक वाक्य. त्यांचे सगळे फॉर्म रद्द केले आणि तो भाग दुसऱ्याकडून दोन दिवसांत करून घेतला.

शनिवारी दुपारी ऑफिसात मी आणि पंखा होतो. मंगळवारी चर्चासत्र. वंदनाताईंचा टॅब दुसऱ्याला देण्याआधी पुसायचा होता. आमच्याकडे नियम असा की काढलेल्या माणसाच्या तीन फाइल ऐकून कारण नोंदवायचं आणि मगच टॅब पुसायचा. एरवी मी न ऐकता नोंदवत असे. त्या दिवशी का ऐकलं ते सांगता येणार नाही. कदाचित ‘ऐकतो’ म्हणालो होतो म्हणून.

हेडफोन लावला. पहिली फाइल मार्केट यार्डातल्या हमालाची. मागे गाड्यांचे हॉर्न, कुणीतरी कांद्याच्या गोण्या मोजतंय. वंदनाताईंनी प्रश्न वाचला, जसाच्या तसा. मग काहीच नाही. मी स्क्रीनकडे पाहिलं, फाइल चालू होती. त्या थांबल्या होत्या. आमचा दुसरा कुणीही एवढा थांबला नसता.

“आता बगा ताई,” हमाल म्हणाला, “आमच्या गावाला आदी मेंबर लोक सरपंच निवडायचे. तर मेंबर फोडायचे. सहलीला काय न्यायचे, कोंडून काय ठिवायचे. मग थेट केला. पुन्यांदा बंद केला, पुन्यांदा थेट केला. आता सरपंच ह्या पार्टीचा आनी मेंबर सगळे त्या पार्टीचे. तो म्हनतो टाकी बांदू, हे म्हनत्यात न्हाई. टाकी हाय तशी पडली. मग थेट चांगलं का वंगाळ?”

“तुम्हीच सांगा भाऊ.”

“गावाचं हे असं. देशाचं मला कुटं कळतंय? ल्हिवा, सांगता येत न्हाई.”

“मनापासून काय वाटतं?”

“मनापासूनच सांगितलं की.”

शेवटी त्यांनी फोन नंबर मागितला. तो म्हणाला, “माझा बंद पडलाय. मुकादमाचा घ्या. पर त्याला सांगू नका मी कामावर बोलत बसलो म्हून.”

मी यादीतला नंबर काढून पाहिला. तिसरी फुली.

दुसरी फाइल मी घाईने लावली. ती तरी खोटी निघावी असं वाटत होतं. मंडईतली एक भाजीवाली होती. तिने उलट विचारलं, “आत्ता कोन निवडतंय त्यांना?”

“आमदार, खासदार.”

“आन् त्यांना कोन निवडतंय? मीच ना? मग मी दोन-दोनदा कशाला येऊ, गाळा सोडून? पर थांब. त्ये तरी कुटं माज्या मनानं मत देत्यात? इकडनं तिकडं उड्या मारत्यात. त्यांच्यावर सोडलं तरी घोर, न सोडलं तरी घोर.” मग गिऱ्हाइकाला, “मेथी धाला दोन न्हाई व्हायची, म्होरं जा.” मग परत, “लिही बाय, न्हाई सांगता येत. नीट इचार केल्याबिगर मी सांगत नसते.”

तिसरे बुधवार पेठेतले इलेक्ट्रिकचे दुकानदार. अस्सल शहरी आवाज. “हे पाहा, आपण विचारणार, मी सांगणार, आणि छापणार तेच जे आधी ठरलंय. तेव्हा उगाच कशाला वीज जाळता?” वंदनाताई म्हणाल्या, “काका, मी तुम्ही म्हणाल तेच लिहीन.” मग दुकानदारांनी गंभीरपणे उत्तर दिलं. राष्ट्रपती थेट निवडून आले तर पंतप्रधान मोठे की राष्ट्रपती, ही भांडणं सुरू होतील. आणि थेट नकोत म्हणावं, तर पक्ष नाव ठरवतो आणि आपण टीव्हीवर बघतो. “दोन्ही बाजू मला पटतात, म्हणजे माझं मत झालेलं नाही. खूण कुठे करायची ती करा.”

मी अकरा फाइल ऐकल्या. एकही खोटी नव्हती. मग दुसऱ्या इंटरव्ह्यूअरांच्या चार ऐकल्या, डीके एकदम खाली आणणाऱ्यांच्या. “थेटच बरं ना काकू? आपल्याच हातात राहतं.” “हां, मग तसंच लिही.” चारही ठिकाणी असंच. माणसं विचारात पडली होती आणि आम्ही त्यांना थांबू दिलं नव्हतं. ‘हात द्या’ हे मी सांगितलं होतं.

फाइल मी पुसल्या नाहीत. पेनड्राइव्हवर घेतल्या आणि ड्रॉवरमध्ये ठेवल्या. नोंदीत कारण लिहिलं, ‘बॅकचेक फेल’.

सोमवारी सकाळी मी मॅडमच्या केबिनच्या दाराशी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा त्यांनीच वर पाहिलं.

“काय हो? स्लाइड्स झाल्या ना?”

“हो मॅडम.”

“मग चेहरा असा का?”

“ॲसिडिटी.”

“गोळी घ्या. उद्या तुम्ही पहिल्या रांगेत बसा, कुणी काही विचारलं तर.”

तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो. नवीन कंपन्या मोबाइलवरच सर्व्हे करू लागल्या होत्या, फिल्ड मॅनेजर कुणाला नको होते. खरं सांगितलं तर वंदनाताई परत येणार, पण सगळा डेटा जाणार आणि त्याच्यामागून मी. हे गणित मी त्या दोन दिवसांत इतक्यांदा केलं की दुसरं काही सुचेनासं झालं. जेवताना बायको म्हणाली, “भाजीत मीठ नाहीये, आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत?” मला कळलंच नव्हतं.

मंगळवारी सभागृह भरलेलं. डॉ. देवांनी दोन्ही बाजू चांगल्या मांडल्या, त्यात खोट काढता येणार नाही. मग आमची स्लाइड आली. पुणेकरांचा स्पष्ट कौल थेट निवडणुकीकडे. लोक पुढे सरकून पाहायला लागले. मागच्या बाजूने एक म्हातारे गृहस्थ उठले.

“माझा साधा प्रश्न आहे. सांगता येत नाही म्हणणारे किती निघाले? कारण मला स्वतःला सांगता येत नाही, आणि मी घटना वाचलेली आहे.”

लोक हसले. डॉ. देवांनी माझ्याकडे पाहिलं. “नगण्य. काळे सर, बरोबर?”

मी उभा राहिलो. कुणी खाली ओढलं असतं तर बरं झालं असतं.

“हो सर. नगण्य.”

गृहस्थ म्हणाले, “आश्चर्य आहे,” आणि बसले. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली.

महिनाभराने वंदनाताई ऑफिसात आल्या. जिन्यातच भेटल्या.

“सर, तीन ठिकाणी गेली मी. नाव सांगितलं की नाही म्हणून राहिले. तुम्ही ऑडिओ ऐकला का?”

“तो… सिस्टिममधून गेला.”

त्या दोन पायऱ्या वर आल्या. मग म्हणाल्या, “मी यार्डात तीन-तीन तास उभी राहिली सर. लोक हाकलत होते.”

“वरून निर्णय झालाय, राऊत.”

एरवी मी त्यांना वंदनाताई म्हणत असे. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. त्या उतरून गेल्या.

तीन वर्षं गेली. ड्रॉवर मी उघडत नव्हतो. मग डॉ. देवांचा फोन आला. तोच सर्व्हे पुन्हा करायचा, मत किती बदललं ते पाहायला. मॅडम खूश. मी आता वर सरकलो होतो. फिल्ड बघायला तन्वी नावाची हुशार मुलगी आली होती. दुसऱ्याच आठवड्यात ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली.

“सर, सीरियस इश्यू आहे. लास्ट टाइम डीके ऑलमोस्ट नव्हताच. आणि आत्ता बघा. म्हणजे टीम फेक करतेय. चार जणी आहेत. मी त्यांना आजच काढते.”

“ऑडिओ ऐकलास?”

“टाइम कुठेय सर? बॅकचेक केलाय. फोनच उचलत नाहीत लोक. तुम्हीच तर ट्रेनिंगमध्ये सांगितलंत, डीके जास्त म्हणजे माणूस फिल्डवर गेलाच नाही.”

मी सांगितलं होतं. माझ्या खोट्या आकड्याशी ताडून आता चार खऱ्या बायका खोट्या ठरत होत्या. गप्प राहिलो तर संध्याकाळपर्यंत चारही नावं ग्रुपवर पडली असती. मी ड्रॉवर उघडला.

“कुणालाही काढू नकोस. अर्धा तास थांब.”

पेनड्राइव्ह घेऊन मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो आणि बसायच्या आत सगळं सांगितलं. हमालाची फाइल लावली. मुकादमाच्या नंबरपर्यंत त्यांनी ऐकली, मग हाताने थांबवलं.

“तीन वर्षं गप्प बसलात. आणखी दोन आठवडे बसला असतात, तर काम तरी पार पडलं असतं.”

“चार जणींची नावं गेली असती मॅडम.”

“आणि आता कंपनीचं जाईल. ‘डीके खाली आणा’ मी म्हणाले होते, हेही सांगणार आहात वाटतं बाहेर?”

“हात द्या, असं मी म्हणालो होतो. ते सांगणार आहे.”

त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. “डॉ. देवांना तुम्हीच फोन करा. माझ्यासमोर.”

केला. सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, “म्हणजे लोकांना थेट निवडणूक नको होती?”

“तसंही नाही सर. खूप लोक विचारात होते. आम्ही ते मोजलं नाही.”

“काळे, त्या आकड्यावर मी पुस्तिका लिहिली. तिची दुसरी आवृत्ती निघाली आहे.”

“हो सर.”

“हो सर काय? मी आता कुठल्या तोंडाने…” त्यांनी फोन ठेवला.

पण माणूस खोटा नव्हता. पंधरा दिवसांनी संस्थेने जुना अहवाल मागे घेतल्याचं पत्रक काढलं आणि नव्या सर्व्हेत डीके आहे तसा छापला. आमच्या कंपनीला त्यांनी पुन्हा काम दिलं नाही. तन्वीच्या चौघी टिकल्या. मी राजीनामा दिला. मॅडमनी तो वाचून नुसती मान हलवली.

त्याच दिवशी ग्रुपवर मी लिहिलं की वंदना राऊत यांचे फॉर्म खरे होते, चूक माझी होती, त्यांचं नाव यादीतून काढावं. एकाने अंगठा टाकला. दुसऱ्याने विचारलं, ‘कोण वंदना राऊत?’

वंदनाताईंचा नंबर तोच होता. त्या आता एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करतात. मी सगळं बोललो. ऑडिओ गेला नव्हता, मी ऐकला होता, हेही सांगितलं. मागे स्कूटर चालू असल्याचा आवाज येत होता.

“कधी ऐकला सर?”

“तुम्हाला काढलं, त्याच आठवड्यातल्या शनिवारी.”

स्कूटर बंद झाली.

“म्हणजे मी जिन्यात भेटली, तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“ग्रुपवर लिहिलं त्याचा फोटो पाठवा मला. यांना दाखवायचा आहे. इतकी वर्षं घरात म्हणून राहिले, काहीतरी केलंच असशील तू, उगाच कोण काढतं?”

हे मला माहीत नव्हतं. मी फोटो पाठवला. त्यावर त्यांचं उत्तर आलं नाही, आणि यायची गरजही नव्हती.

फोन लागला नाही म्हणून माणूस खोटा ठरत नाही, एवढाच यातला धडा. तो शिकलो मी. नापास तीन वर्षं त्या राहिल्या.